हात घालण्याआधीची दोन मिनिटं

जनावरांच्या डॉक्टरांची नोंदणी तपासणाऱ्या कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. असं काही कार्यालय असतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. लग्नकार्यात कोणी विचारलं, "काय करता?" आणि मी सांगितलं, की समोरचा हमखास हसायचा. "म्हणजे बैलांना लायसन देता का?" मी म्हणायचो, "बैलांना नाही, बैलाला सुई टोचणाऱ्याला." मग तो आणखी हसायचा आणि जिलबीकडे वळायचा.

काम समजायला सोपं आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. ती मिळाली की राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवायचं. एक नंबर मिळतो. तो नंबर असल्याशिवाय जनावरावर उपचार करता येत नाहीत. नोंदणीचं प्रमाणपत्र दवाखान्याच्या भिंतीवर लावायचं, चिठ्ठीवर औषध लिहिलं की खाली नंबर टाकायचा, आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. पदवीच्या खाली पदविकावाले असतात. त्यांनी नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली लस टोचावी, मलमपट्टी करावी. त्याच्याही खाली ड्रेसर, म्हणजे जखम धुणारा आणि जनावर धरून ठेवणारा माणूस. त्याला कागदावर काहीच अधिकार नाही.

परिषदेचं मुख्य ठिकाण लांब. उपनगरातले अर्ज आधी आमच्या अंधेरीच्या तीन खोल्यांत यायचे. मी नोंदणी शाखेत होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

गमतीचे लोक भरपूर आले. बोरिवलीचा एक गृहस्थ कुत्र्यांचे केस कापण्याच्या तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आला आणि डॉक्टर म्हणून नोंद करा म्हणाला. मी म्हटलं, "अहो, ऑपरेशन वेगळं आणि हजामत वेगळी." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कात्री दोन्हीकडे लागतेच ना?" मुलुंडच्या एका बाईंनी चार पानी तक्रार दिली होती. डॉक्टरांनी त्यांच्या मांजरीला बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर 'जाडी' म्हटलं, सबब नोंदणी रद्द करावी. तक्रार आली की डॉक्टरांचा लेखी खुलासा मागवावाच लागतो. तो एका ओळीचा आला: "मांजरीचं वजन सात किलो आहे." घाटकोपरच्या एका दवाखान्यात भिंतीवर ज्या डॉक्टरचं प्रमाणपत्र होतं तो परदेशात स्थायिक झाला होता, आणि त्याच्या नावावर त्याचा मेहुणा इंजेक्शनं देत होता. तो मेहुणा मी पकडला. कागदाचा रंग, शिक्क्याची शाई, सहीचा कल यावरून मी खोटं प्रमाणपत्र ओळखायचो. ऑफिसात म्हणायचे, जाधवांच्या टेबलावरून खोटा माणूस पुढे जात नाही.

एक गेला. तो मीच जाऊ दिला. माझ्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं खरं तेवढंच आहे.

जोगेश्वरीला आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर म्हशींचे तबेले होते. तबेल्यांच्या तोंडाशी डॉ. प्रधानांचा दवाखाना. प्रधान म्हणजे उंच, अबोल माणूस. शेणातून चालतानाही पँटची घडी मोडायची नाही. त्यांचा ड्रेसर दिनकर. कुडाळकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहायचा. मला भाऊ म्हणायचा. प्रधानांच्या हाताखाली त्याने पंचवीस वर्षं काढली. म्हैस अडली, पान्हा चोरायला लागली, खुरं सडली, की दिनकर डॉक्टरांच्या शेजारी उभा.

वय झाल्यावर प्रधान आमच्या ऑफिसात यायचे बंद झाले. नूतनीकरणाचा अर्ज दिनकर आणायचा. अर्जात एक चौकोन असतो, 'अर्जदाराची ओळख पटली'. कायद्याप्रमाणे अर्जदार समोर हवा. पण म्हाताऱ्या डॉक्टरांना जिने चढायला लावायचे नाहीत, अशी आमच्याकडे रीत पडली होती. ओळखीचा माणूस अर्ज घेऊन आला की मी खूण करून सही ठोकायचो. रीत चांगल्या मनाने पडली होती, एवढंच तिच्याबद्दल म्हणता येईल.

प्रधान एका सकाळी दाढी करताना गेले. मी ओशिवऱ्याच्या स्मशानात होतो. दिनकर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. चार महिन्यांनी तो ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर एक फॉर्म ठेवला. म्हणाला, "साहेबांचा फॉर्म." एरवी भाऊ म्हणणारा माणूस त्या दिवशी खाली बघत होता. फॉर्मवर प्रधानांची सही होती. सहीचा कल चुकला होता. ते मला दिसलं नसतं तर माझ्या डोळ्यांचा उपयोगच काय?

मी हळू आवाजात विचारलं, "दिनू, हे काय?"

तो म्हणाला, "नवीन डॉक्टर कोण येवचो नाय थंय, भाऊ. चार जणांका विचारलंय. सगळ्यांका एशीत बसान कुत्रे बघूचे आसत. म्हशीचा कोण बघतलो? एक डॉक्टर गावलो की मी बाजूक होतंय."

त्याने पुढे काही केलं नाही. हात जोडले नाहीत. मी खिडकीबाहेर बघितलं. मनात आलं, घाटकोपरच्या त्या मेहुण्यापेक्षा हा शंभर पटीने बरा. पदवी असलेले कितीतरी मी पाहिले होते ज्यांना म्हशीजवळ जायची भीती वाटते. कोण डॉक्टर आहे आणि कोण नाही हे इतकी वर्षं कागद बघून मी ठरवत होतो. त्या दिवशी मला वाटलं की कागदाशिवायही ते मला कळतं. मी चौकोनात खूण केली. ज्या माणसाच्या चितेला मी नमस्कार केला होता, त्याची ओळख पटल्याची सही केली.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. तबेल्यात त्याला 'डॉक्टर साब' म्हणू लागले. मला मनातून अभिमान वाटायचा.

मग तो शनिवार. दुपारी दिनकरचा फोन आला, "भाऊ, घराकडे आसस तर जरा तबेल्यात ये. म्हशीच्या गळ्यात कायतरी अडाकला हा. धरूक माणूस कमी आसा." मी गेलो. म्हैस दावणीला होती. मान लांब करून उभी. तोंडातून लाळेच्या दोऱ्या लोंबत होत्या. गिळायला बघत होती, जमत नव्हतं. मधूनच ओरडायची, पण आवाज म्हशीचा वाटत नव्हता, घसा बसलेल्या माणसासारखा होता. तिच्याजवळ रामसूरत होता. तिशीचा, मोठा हसरा माणूस, त्या म्हशी त्याच्याच हातच्या. मला म्हणाला, "साहब, आम की गुठली निगल गई होगी. कुछ भी खाती है ये रानी."

रामसूरतने गोणपाटाने तिची जीभ पकडून बाहेर ओढली. मी कासरा आवळून धरला. दिनकरने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात तिच्या घशात घातला. दाढांनी त्याचं मनगट सोललं. रामसूरतच्या बोटांना आधीचीच चीर होती, धारा काढणाऱ्यांच्या बोटांना असते तशी. लाळ माझ्या हातावरही उडाली, आणि सकाळी दाराच्या खिळ्याने माझा अंगठा फाटला होता. दिनकर बराच वेळ चाचपडत राहिला. "हाताक काय लागत नाय रे," तो म्हणाला. मग त्याने एक इंजेक्शन दिलं. आम्ही नळावर हात धुतले आणि चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी म्हैस खांबाला धडका द्यायला लागली. मंगळवारी मेली. दिनकरने विषबाधा म्हटलं. पालिकेची गाडी आली आणि तिला घेऊन गेली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी ही गोष्ट ऑफिसात सांगितली. आमच्याकडे नुकत्याच तांत्रिक अधिकारी म्हणून आलेल्या डॉ. सावंत मॅडम समोर बसल्या होत्या. पस्तिशीच्या, झटपट बोलणाऱ्या, मला काका म्हणायच्या. मी सांगितलं, 'आमच्या शेजारच्या तबेल्यात' म्हणून, गंमत म्हणून. आंब्याच्या कोयीपर्यंत आलो तेव्हा त्यांचा घास हातात राहिला.

"काका, हात कोणी घातला?"

"तिथल्या लोकांनी."

"म्हैस आहे?"

"मेली काल."

त्यांनी डबा बंद केला. "लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, मग अंगावर येते आणि चार दिवसांत मरते. काका, हा रेबीज असणार. कुत्रा चावला असेल महिना-दोन महिन्यांपूर्वी, कोणाच्या लक्षात नसेल. गळ्यात काही अडकलेलं नसतं. घसाच लुळा पडलेला असतो. आणि लाळ सगळी विषाणूंनी भरलेली. आम्हाला कॉलेजात घोकून घेतात: गुदमरणारं जनावर दिसलं की आधी रेबीजचा विचार, हात सगळ्यात शेवटी. डॉक्टर कोण होते तिथे?"

मी म्हटलं, "माहीत नाही. ऐकीव आहे."

"मग आजच्या आज जाऊन शोधा. ज्याने ज्याने हात लावला त्याला इंजेक्शनं सुरू करायला सांगा. लक्षणं दिसायच्या आत. एकदा पाण्याचा घोट घशाखाली उतरेना झाला ना, की जगात औषध नाही."

मी तीन वाजता डोकं दुखतंय सांगून ऑफिसातून निघालो. सरळ पालिकेच्या दवाखान्यात गेलो. केसपेपरवर कुत्रा चाटल्याचं सांगितलं आणि दंडात पहिलं इंजेक्शन घेतलं. मग घरी आलो. जिन्यावर दिनकर भेटला. "काय भाऊ, आज लवकर?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." आणि वर गेलो.

बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. स्वतःला मी अनेक कारणं दिली. दिनकर भोळा, दवाखान्यात विचारलं तर सगळं ओकून टाकेल. मग प्रश्न येईल की म्हशीचा डॉक्टर कोण, मग प्रधानांचं नाव, मग तो चौकोन, मग माझी सही. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. कधी वाटायचं, मॅडमचा अंदाज चुकलाही असेल. पण तो चुकला असं मला खरंच वाटत असतं, तर मी इंजेक्शन का घेतलं? पाण्याचा पेला तोंडाला लावताना आधी एक घोट घेऊन बघायचो, उतरतो का. उतरला की रडू यायचं. आणि खाली दिनकर हीच भीती न बाळगता अंगणात गुळण्या करत असायचा.

शनिवारी सकाळी त्याला सांगितलं. तो पायरीवर बसला. आपलं मनगट उलटसुलट करून बघितलं. खपल्या धरल्या होत्या. मग म्हणाला, "प्रधान साहेब हात घालूच्या आधी नुसते उभे रवत, भाऊ. दोन मिन्टां. तोंडाकडे बघत, डोळ्यांकडे बघत, काय बोलत नसत. माका वाटायचा, म्हातारो दम खाता."

पंचवीस वर्षं त्याने डॉक्टरांचे हात बघितले होते. त्या दोन मिनिटांत डॉक्टर डोक्यात काय काय बाजूला काढतात, ते बघता येण्यासारखं नव्हतं. साडेपाच वर्षं त्यासाठीच लागतात. मी मात्र उमेदीची सगळी वर्षं प्रमाणपत्राची शाई तपासत बसलो होतो.

मग तो एकदम उठला. "रामसूरत!"

आम्ही तबेल्यात गेलो. दुसरा गडी वैरण टाकत होता. म्हणाला, "वो तो कल दोपहर को निकल गया, गांव." बुधवारी मी तोंड उघडलं असतं तर रामसूरत तिथेच, दहा मिनिटांवर होता.

आधी पालिकेचा दवाखाना गाठला. मला तीन दिवसांनंतरचं दुसरं इंजेक्शन घ्यायचंच होतं. परिचारिका माझा कागद बघून म्हणाली, "काका, तुमचा दुसरा ना? आणि ह्यांचा पहिला? दोघांना एकच कुत्रा चाटला काय?" दिनकरने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. बुधवारची तारीख त्यावर होती. त्याने वाचली. मग मान वळवली आणि मनगट पुढे केलं. जखमेच्या भोवती सुया टोचून घेतल्या. त्या तारखेबद्दल आम्ही त्यानंतर कधी बोललो नाही.

रामसूरतचा फोन बंद लागत होता. तबेल्याचे मालक घाबरले, पण वेगळ्याच गोष्टीला. "बात बाहर गई तो मेरा दूध कौन लेगा?" गावाचं नाव विचारलं तर म्हणाले, "कोई बड़का टोला बोलता था. गोंडा की तरफ." गोंडा म्हणजे उत्तरेतला अख्खा जिल्हा; एवढ्या पत्त्यावर माणूस कसा सापडणार? दिनकर दिवसातून पंधरा-वीस वेळा फोन लावायचा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा, चहा प्यायचा, आणि मी त्याच्या गळ्याकडे बघायचो. घोट खाली उतरताना दिसला की माझा श्वास सुटायचा. तो म्हणायचा, "माका काय बघतस? त्येका कोण बघतलो?"

शोध सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी तो म्हणाला, "तुझ्या हापिसातून तिकडच्या सरकारी डॉक्टराक पत्र गेला तर ते शोधतील. सरकारी पत्राक माणूस गावता."

मी म्हटलं, "पत्र काढायला प्रकरण लिहावं लागेल. दोन दिवस थांब. लागेल फोन."

तो उठला. "तू थांब," म्हणाला.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात आला, माझ्या टेबलाजवळ न थांबता सरळ सावंत मॅडमच्या खोलीत गेला. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं, जबाब टाइप करून घ्यायला. ते काम माझंच होतं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. दिनकर उभ्यानेच सांगत होता, शुद्ध मराठीत, पाठ करून आल्यासारखा. प्रधान साहेब वारले. नूतनीकरणाच्या फॉर्मवर त्यांची सही मी केली. दोन वर्षं त्यांच्या नावावर उपचार केले. म्हशीच्या घशात हात मी घातला. जीभ रामसूरतने धरली. त्याला शोधा.

मग तो म्हणाला, "नोंदणी शाखेला डॉक्टर वारल्याची कल्पना नव्हती. मी त्यांना फसवलं."

माझी बोटं थांबली. मॅडम फाइल चाळत होत्या. दिनकर म्हणाला, "लिवा साहेब. फसवलं."

मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून सही केली.

मॅडमनी तो जुना फॉर्म काढला. चौकोनावर बोट ठेवलं. "काका, ओळख पटली म्हणून तुमची सही आहे. प्रधानांना तुम्ही बघितलं होतं?"

"फॉर्मवर सही होती त्यांची, मॅडम."

त्यांनी फॉर्मवरची नजर उचलून माझ्याकडे बघितलं. म्हशीची गोष्ट मी त्यांना 'ऐकीव' म्हणून सांगितली होती, ती त्या विसरल्या नव्हत्या. पण घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "हे नंतर. आधी पत्र." दुपारच्या आत पत्र गेलं. त्या स्वतः तिकडच्या जिल्ह्यात फोन करत बसल्या, आवाज बसेपर्यंत.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'सदर व्यक्तीचा शोध लागला. प्रकृती ठीक. लसीकरण सुरू केले आहे.' मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि मी ते फाइलला लावलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रधानांच्या दवाखान्याला टाळं लागलं. दिनकरवर गुन्हा दाखल झाला, तारखा पडल्या. शिक्षा फार मोठी झाली नाही, पण जोगेश्वरीत त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जे त्याला डॉक्टर साब म्हणायचे तेच 'डुप्लिकेट' म्हणून हाक मारायला लागले. तो कुडाळला निघून गेला. मला निष्काळजीपणाबद्दल लेखी समज मिळाली. दीड वर्षाने शाल आणि नारळ घेऊन मी निवृत्त झालो. भाषणात ऑफिसचे साहेब म्हणाले, जाधवांच्या टेबलावरून खोटा माणूस पुढे गेला नाही, एक अपवाद सोडून. सगळे हसले. मीही हसलो.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. आज अर्ज ऑनलाइन असतात, अर्जदाराचा चेहरा कॅमेऱ्यासमोर लागतो. मेलेल्या माणसाचं नूतनीकरण माझ्यासारखा कोणी एका खुणेने करू शकणार नाही. गेल्या मे महिन्यात मी एक प्रतिज्ञापत्र तयार केलं: डॉ. प्रधान वारल्याचं मला माहीत होतं, दिनकरने मला फसवलं नाही, दोष माझा. परिषदेला पाठवण्याआधी ते दिनकरला वाचून दाखवायला कुडाळला गेलो.

तो पडवीत सुपारी सोलत होता. केस पांढरे झाले होते. मी वाचलं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"बरा लिवलंस," तो म्हणाला. "पण हेच्यात रामसूरत खंय आसा?"

मी म्हटलं, "त्याचा काय संबंध? त्याला इंजेक्शनं मिळाली."

"त्येका कोणी सांगितला, तो कसो वाचलो ता? आनी कोणामुळे मराक टेकलो ता?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सरकारी माणसं आली, सुया टोचून गेली. तो पुरा वाचला की नाही हेही मी कधी विचारलं नव्हतं. पत्र आलं, फाइल बंद झाली, मला पुरलं.

दिनकरने मोबाइल काढला. "मी वर्षातून एकदा फोन करतंय त्येका. काय बोलता ता ऐकणय नाय. घसो चलता, बोलता, तेवढाच ऐकतंय." त्याने नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. घंटा वाजत राहिली. आठ-नऊ वर्षं झाली होती, भीतीचं कारण उरलं नव्हतं, तरी मी एकेक घंटा मोजत होतो.

"हां डॉक्टर साब! पाय लागी!"

"डॉक्टर नाय रे बाबा, दिनकर. सुन, वो जाधवसाब हैं, ऑफिसवाले. तेरे से बोलना है उनको." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. माझं हिंदी वाईट आहे, पण तेवढं पुरलं. म्हशीला काय झालं होतं. मला बुधवारी कळलं. मी बुधवारीच सुई घेतली. तुला सांगितलं नाही, कारण माझी नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो. तू शुक्रवारी गेलास.

मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो.

"साहब," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "हम तो घरवाली की जचगी के लिए गए थे. चौथे दिन बिटिया हुई. सुई तो उसके बहुत बाद लगी. उतने दिन हम उसको गोद में लेके घूमे, मुंह चूमा, अपनी उंगली चटाई. अब नौवां लगेगा उसको. साहब, उसको तो कुछ नहीं होगा ना?"

इतकी वर्षं जी भीती मी एकटा बाळगत होतो, ती मी मन हलकं करण्यासाठी त्या माणसाच्या घरात नेऊन ठेवली होती. 'नहीं होगा' हे शब्द ओठांवर आले. पण मी डॉक्टर नव्हतो. जे मला माहीत नाही ते माहीत असल्यासारखी एक खूण मी पूर्वी केलीच होती.

मी म्हटलं, "डॉक्टर को पूछ के बोलता हूं. अभी बोलता हूं."

सावंत मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. निवृत्तीनंतर एकदाही लावला नव्हता. दिनकरचा फोन त्याला दिला आणि माझ्या फोनवरून तो लावला. ओळख दिली आणि प्रतिज्ञापत्रात होतं ते आणि नव्हतं ते, बुधवारच्या इंजेक्शनसकट, सगळं एका दमात सांगितलं. दिनकर समोर बसून ऐकत होता.

सगळं ऐकून मॅडमनी विचारलं, "मुलीला तेव्हा किंवा नंतर काही झालं? रामसूरतला एकही लक्षण दिसलं होतं?"

"नाही."

"मग ऐका. माणसाच्या लाळेत तो विषाणू अगदी शेवटी उतरतो, दुखणं बाहेर पडायच्या जेमतेम काही दिवस आधी. तो आजार त्याला झालाच नाही, तो जिवंत आहे, म्हणजे लाळेत काही नव्हतंच. मुलीला धोका नव्हता आणि नाही. त्याच्या समाधानासाठी तिथल्या सरकारी दवाखान्यात विचारायला सांगा, तेही हेच सांगतील. बाकी तुमचं जे काही आहे ना काका, त्याबद्दल माझ्याशी लेखी बोला. फोनवर नको."

"हो. मी त्याला संध्याकाळी कळवतो, जरा सावरतो आणि..."

"काका," त्या म्हणाल्या, "आत्ता."

मी दिनकरच्या हातातून फोन घेतला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत रामसूरतने उचलला.